मागच्या श्रावणातला फोटो

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. रंग काळा होता, आता करडा म्हटलेला बरा. जळगावातल्या एका घराच्या जिन्याखाली माझा मुक्काम असतो. मी फार दमले आहे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे बोलता बोलता मला धाप लागली तर तुम्ही घाबरायचं नाही. माणसांना म्हणे आपलं बालपण आठवतं. माझं कारखान्यातलं बालपण एका दिवसात उरकलं. मला आठवतात ते रस्ते, आणि खरं सांगायचं तर रस्त्यांपेक्षा खड्डेच जास्त.

चोवीस वर्षांपूर्वी मला मांगीलाल शेठजींनी घरी आणलं. त्यांच्या पत्नी सुगनबाई यांनी माझ्या हँडलला कुंकू लावलं, पुढच्या चाकाशी नारळ फोडला आणि मागच्या सीटवर बसून घराभोवती एक चक्कर मारली. शेठजींचे पणजोबा राजस्थानातून आले, पण शेठजी जळगावचेच. सगळं गाव त्यांना मांगीभाऊ म्हणतं, म्हणून मीही तसंच म्हणते. त्यांचं दुकान दोरे, बटणं, चेन, लेस आणि अस्तराच्या कापडाचं. गिऱ्हाईक म्हणजे गावोगावचे शिंपी. दोऱ्याचे खोके माझ्या मागे बांधायचे आणि निघायचं. आज असोदा, उद्या भडगाव, परवा धुळे आणि महिन्यातून एकदा थेट दोंडाईचा. वैशाखात माझी सीट इतकी तापायची, की मांगीभाऊ आधी तिच्यावर लोटाभर पाणी ओतायचे आणि मग बसायचे. ते पाणी बसण्याआधीच वाळायचं.

त्या दिवसांत माझं कौतुक फार. मंगळवारी माल आणतो म्हटलं, की मंगळवारीच आणायचा, हा मांगीभाऊंचा खाक्या. गिरणेला पाणी असो की धुळ्याच्या रस्त्यावर चक्का जाम असो. शिंपी लोक माझा आवाज ऐकून मशीन थांबवायचे आणि म्हणायचे, "आले मांगीभाऊ. काढा रे तो निळा कोट, दोरा आला." मांगीभाऊ म्हणाले आणि तसं झालं नाही, असं मी तरी पाहिलं नव्हतं. मला त्याचा मोठा गर्व होता. गर्व करू नये म्हणतात, पण पेट्रोलशिवाय माझ्याजवळ दुसरं होतं तरी काय?

मग मुलानं, संयमनं, दुकान हाती घेतलं. शिंपी फोनवर माल मागवू लागले, खोकी कुरिअरनं जाऊ लागली. "पप्पा, आता आराम करा," असं संयम म्हणाला. चांगल्या मनानं म्हणाला हो, पण आराम कसा करतात हे मांगीभाऊंना कुणी शिकवलंच नव्हतं. दोन वर्षं मी जिन्याखाली उभी राहिले. माझ्या टायरमधली हवा गेली, साखळी गंजली, हेडलाइटच्या मागे कोळ्यानं संसार मांडला. घरातली माणसं माझ्यावर ओले टॉवेल वाळत घालायची. मला राग आला नाही. दमलेल्याला राग येत नाही, नुसतं डोळे मिटावेसे वाटतात.

तिथून मला बाहेर काढलं ते युसूफभाईंनी. युसूफभाई म्हणजे गाड्यांची सीट कव्हरं शिवणारे कारागीर. नेरीनाक्याकडं त्यांचं छोटंसं दुकान आहे. तीस वर्षं ते मांगीभाऊंकडून जाडा दोरा नेत आलेत, आणि तीस वर्षांत त्यांनी एकदाही दोरा मोजून घेतलेला नाही. एके दिवशी ते घरी आले, माझ्यावरचा टॉवेल बाजूला केला आणि म्हणाले, "मांगीभाऊ, हिला अशी मारू नका. रविवारी आमच्यासोबत चला." त्यांचा एक ग्रुप होता. नाव 'सातपुडा सवारी'. त्यात नूतनताई होत्या, असोद्याच्या शाळेत शिकवणाऱ्या आणि माझ्या दुप्पट वजनाची गाडी लीलया चालवणाऱ्या. दीपक होता, कचेरीत कारकून, हाताचा सरळ पण जिभेला हाड नाही. आणखी तीस-पस्तीस जण. रविवारी सकाळी निघायचं, डोंगराकडं जायचं, फोटो काढायचे आणि घरी पोचायच्या आत ते ग्रुपवर टाकायचे.

ग्रुपचा एक नियम होता. फोटोत माणूस नको, फक्त गाडी आणि मागे निसर्ग. मित्रांनो, निसर्ग तुम्हाला लखलाभ. गाडीचे हाल कुणी विचारले? चढ चढून माझं इंजिन भाजत असताना बाटलीतलं पाणी माझ्या तोंडावर मारायचे, का, तर चमक यावी. मग मला ढकलत एखाद्या दगडावर चढवायचे. "अजून थोडी पुढं, थोडी तिरकी, हां!" खाली दरी, माझा एक पाय हवेत आणि हे लोक जमिनीवर पालथे पडून माझ्याकडं एक डोळा मिटून बघतायत. पण खोटं कशाला बोलू? पहिला फोटो टाकल्यावर ग्रुपवर तेवीस अंगठे आले. "वा मांगीभाऊ!" "काय नजर आहे!" मांगीभाऊंनी तो फोटो घरात सगळ्यांना दाखवला, दुकानात दाखवला, दूध घालायला येणाऱ्या तोतारामलाही दाखवला. दोन वर्षं मेलेला माणूस उठून बसल्यासारखा वाटला मला. मग मीही मुकाट्यानं दगडावर चढू लागले.

यंदा वैशाखात युसूफभाईंनी माझ्यासाठी नवी सीट शिवली. तांबडी, जाड दोऱ्याची दुहेरी शिलाई. जुनी काळी फाटून तिचा स्पंज बाहेर आला होता. "म्हातारीला नवं लुगडं," युसूफभाई हसून म्हणाले. म्हातारी कोण, ते मी मनावर घेतलं नाही.

आणि मग चातुर्मास आला.

पावसाळ्यात जमिनीवर कितीतरी बारीक जीव निघतात. मुंग्या, गोगलगायी, बेडकं, गांडुळं. चालताना ते चिरडू नयेत म्हणून जैन साधू-साध्वी चार महिने एकाच गावी थांबतात, आणि घरची माणसंही जमेल तसा नेम धरतात. कुणी हिरवी भाजी सोडतं, कुणी प्रवास सोडतं. आषाढात सुगनबाईंनी विषय काढला. "अहो, वयाची चौसष्ट वर्षं झाली तुमची. एवढे जीव चाकाखाली घालून डोंगराचे फोटो काढायचे, हे बरं दिसतं का?" माझ्या जिवाला ते लागलं, कारण चाकं माझी. मांगीभाऊंनाही लागलं. दुसऱ्या दिवशी स्थानकात, म्हणजे जैन साधू उतरतात त्या वास्तूत, शंभर माणसांदेखत, त्यांनी तिथल्या साधूंसमोर, महाराजसाहेबांसमोर, हात जोडून नेम घेतला. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत जळगावची शीव ओलांडणार नाही.

आता आमच्या खानदेशाची तऱ्हा तुम्हाला ठाऊक आहे. आठ महिने सातपुडा उघडाबोडका, तांबूस. हिरवा होतो तो याच चार महिन्यांत. म्हणजे मांगीभाऊ घरात बसले आणि ग्रुपवर फोटोंचा पूर आला. धबधबे काय, ढग काय, पिवळी रानफुलं काय! मांगीभाऊ रोज दुपारी जिन्याखाली यायचे, मला मोठ्या स्टँडवर घ्यायचे आणि माझ्यावर बसून मोबाइल बघत राहायचे. किक नाही, चावी नाही. नुसतं बसायचं. एका रविवारी दीपकचा संदेश आला. "मांगीभाऊ रिटायर झाले वाटतं. गाडी भंगारात घातली का?" खाली हसणारी तोंडं. मला भंगार म्हटल्याचं काही वाटलं नाही, असं बरंच ऐकलंय मी. पण मांगीभाऊंच्या मांड्या माझ्या टाकीला घट्ट आवळल्या गेल्या, ते मला कळलं.

नेम घेतलाय एवढं लिहिलं असतं तरी पुरे होतं. युसूफभाई रोज्यांच्या महिन्यात सवारीला येत नाहीत, तेव्हा कुणी हसतं का? पण मांगीभाऊंना वाटलं, लोक म्हणतील, म्हाताऱ्याला कारण सापडलं. त्यांनी मोबाइलमधला मागच्या वर्षीचा, ग्रुपवर कधीच न टाकलेला एक फोटो शोधला. मी उभी आहे, मागे डोंगरावर ढग उतरलेत. खाली लिहिलं, "आज पहाटे एकटाच जाऊन आलो." एकतीस अंगठे आले. त्या पहाटे मी जिन्याखालीच होते, प्लास्टिकचा कागद पांघरून.

नेम मात्र मोडला नव्हता. शिवेच्या बाहेर पाऊलही नाही. मांगीभाऊंना त्यातच समाधान. पुढच्या आठवड्यात दुसरा जुना फोटो टाकला आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात मोहपाणीचा.

मोहपाणी म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशी, अडावदच्या पलीकडं आत गेलं की लागणारा एक धबधबा. त्याच्या अलीकडं नाला आहे आणि नाल्यावर फरशी, म्हणजे पाण्याला वरून वाट देणारा बसका पूल. मागच्या श्रावणात मी त्या फरशीच्या मधोमध उभी राहिले होते. पाणी जेमतेम टायर भिजवत होतं, मागे पांढराशुभ्र धबधबा. तो फोटो खरंच देखणा आला होता, माझंसुद्धा रूप उजळलं होतं. तो पाहून नूतनताईंनी लगेच विचारलं, "मांगीभाऊ, फरशीवर पाणी किती? रस्ता चालू आहे का?"

मी मनात म्हटलं, आता तरी सांगा. मांगीभाऊंचा अंगठा मोबाइलवर थांबला. मग त्यांनी लिहिलं, "बोटभर पाणी. रस्ता एकदम चालू."

संध्याकाळी युसूफभाईंचा फोन आला. मांगीभाऊ माझ्यावरच बसले होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"मांगीभाऊ, फोटोत सीट जुनी दिसतेय. वैशाखात मी तांबडी शिवून दिली ना?"

मांगीभाऊंनी मोबाइल दुसऱ्या कानाला लावला. मग हसून म्हणाले, "अरे, पाऊस होता. नवी खराब नको व्हायला म्हणून जुनं कव्हर वरून चढवलं."

"हां, तसं असेल. तुम्ही म्हणता म्हणजे तसंच." आणि फोन बंद.

हे बोलताना मांगीभाऊ तांबड्या सीटवरच बसले होते हो. मला बोलता येत असतं तर मी त्या दिवशी ओरडले असते.

पुढचा रविवार. आदल्या रात्री डोंगरात ढगफुटीसारखा पाऊस झाला होता, पण जळगावात नुसते चार थेंब. सकाळी मांगीभाऊंचं सामायिक असतं. पाऊण तासाहून थोडं जास्त डोळे मिटून बसायचं, त्या वेळी मोबाइल हातात घ्यायचा नाही. ते उरकून साडेसातला ते जिन्याखाली आले आणि नूतनताईंचा संदेश वाचला. "मांगीभाऊंच्या मोहपाणीला निघालो. मी, दीपक, युसूफभाई." खाली तिघांच्या गाड्यांचा फोटो.

मांगीभाऊंनी लिहायला घेतलं, "तो फोटो मागच्या"... आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. "पाणी असेल तर परत फिरतील. लहान का आहेत?" असं स्वतःशीच पुटपुटले. युसूफभाईंना फोन लावला, उचलला नाही. गाडीवर असताना कोण उचलतो? अर्ध्या तासानं पुन्हा लावला, तर संपर्काच्या बाहेर. डोंगराकडं गेलं की फोन असेच मुके होतात. नूतनताईंचा तसाच, दीपकचा तसाच. आता मांगीभाऊंना घाम फुटला. वाटेत होते तोवर एका ओळीनं काम झालं असतं, आणि ती ओळ लिहायला यांना लाज आडवी आली. मित्रांनो, मी एवढी वर्षं त्यांना पाठीवर वाहिलं, पण त्या सकाळी ते मला पहिल्यांदा जड वाटले.

सुगनबाई दाराशी आल्या. "काय झालं? तोंड का असं?"

मांगीभाऊंनी सगळं सांगितलं. खाली मान घालून, एका दमात. सुगनबाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला वाटत होतं, तुम्ही नेम पाळताय." एवढंच. पुढं त्यांचा आवाज करडा झाला. "आता बसून काय राहिलात? उठा आधी!"

"आणि शीव?"

"जीव वाचवायला जाणाऱ्याला कुठली शीव अडवते? महाराजसाहेबांना काय सांगायचं ते मी सांगेन. तुम्ही निघा."

महिन्याभरानं मला किक बसली. तिसऱ्या किकेला मी उठले. ममुराबादच्या रस्त्यानं निघालो, शिवेचा फलक आला, गेला, मांगीभाऊंनी ब्रेकला पाय लावला नाही. विदगावच्या पुलावर तापी गढूळ होऊन दोन्ही काठांना टेकली होती. ते पाणी पाहिल्यावर मांगीभाऊंनी माझा कान असा पिळला, की मी वीस वर्षांत तेवढी पळाले नव्हते. माझी साखळी वाजत होती, सायलेन्सर खोकत होता. धानोऱ्याच्या पुढं ओल्या रस्त्यावर बेडकं बसली होती. आम्ही ती चुकवली नाहीत. चुकवायला वेळ नव्हता. मला ते अजून जाणवतं.

मोहपाणीच्या नाल्यापाशी पोचलो तेव्हा साडेदहा वाजले असतील. नाला कसला, नदीच झाली होती. फरशी दिसतच नव्हती. काठावर नूतनताईंची आणि दीपकची गाडी उभी होती. तिसरी गाडी नव्हती. मांगीभाऊंनी मला स्टँडवरसुद्धा लावलं नाही, तसंच टाकून दिलं. मी चिखलात आडवी पडून पुढचं सगळं पाहिलं.

एक शेतकरी दोराची गुंडाळी करत उभा होता. भिकन त्याचं नाव, बांधावरची केळी त्याचीच. तोच बोलला, "भाऊ, पुढे नका जाऊ. पाणी भलतं शे. मधली फरशी रातले वाही गई."

"कोणी पडलं का?" मांगीभाऊंनी त्याचा दंड धरून विचारलं.

"एक जन पडना. दोर टाकीसन काढा त्याले. गाडी गई." भिकननं कपाळाला हात लावला. "मी त्यास्ले इचारं, तुमले कोनी सांगं हाई रस्ता चालू शे? तर म्हने, कोना तरी फोटोमा व्हतं. कोन व्हता तो मानूस, भाऊ?"

मांगीभाऊ म्हणाले, "मीच."

भिकन त्यांच्याकडं बघत राहिला. मग त्यानं मोहाच्या झाडाकडं बोट केलं. तिथं युसूफभाई बसले होते. अंगावरून पाणी निथळत होतं, उजवा हात नूतनताईंच्या ओढणीत बांधला होता आणि मनगट भलतीकडंच वळलं होतं. दीपक त्यांच्या पाठीशी टेकू देऊन बसला होता. त्याच्या तोंडून शब्द निघत नव्हता, आणि हे मी पहिल्यांदाच बघत होते. नूतनताई सांगू लागल्या, "पाणी बघून आम्ही परतच फिरत होतो. पण युसूफभाई म्हणाले, वरून गढूळ दिसतंय, खाली बोटभरच असेल, मांगीभाऊंनी सांगितलंय. तुम्ही थांबा, मी आधी बघतो."

मांगीभाऊ ओल्या मातीत खाली बसले. "युसूफ, तो फोटो मागच्या श्रावणातला. यंदा मी घराबाहेर पडलोच नव्हतो. खोटं लिहिलं मी."

युसूफभाईंचे ओठ थंडीनं निळे पडले होते. ते हळू बोलले. "मला माहीत होतं, मांगीभाऊ. जुनी सीट मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. स्वतःच्या हातानं काढून फेकलेली सीट माणूस ओळखणार नाही का? पण तुम्ही म्हणालात. म्हणून मी माझे डोळे खोटे ठरवले."

मांगीभाऊंनी अंगातला सदरा काढून त्यांच्या खांद्यावर टाकला.

केळी भरायला आलेल्या पिकअपमधून भिकननं त्यांना अडावदला पोचवलं, तिथून जळगावच्या दवाखान्यात. मनगटात दोन ठिकाणी हाड तुटलं होतं. आत धातूची पट्टी बसवून स्क्रू मारले. सुई धरायचा हात, तोच नेमका. युसूफभाईंची गाडी दोन दिवसांनी खाली वाळूत सापडली, टाकी चेपलेली. ती माझ्यापेक्षा वयानं लहान होती. आता ती कुठल्याच रस्त्याला लागायची नाही.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर, मला टेकून उभं राहून, मांगीभाऊंनी ग्रुपवर लिहिलं. या वेळी पुसलं नाही. "मोहपाणीचा फोटो मागच्या वर्षीचा होता. त्याच्या आधीचे दोन्ही. मी चातुर्मासाचा नेम घेतला आहे, जळगावबाहेर गेलोच नव्हतो. रस्ता चालू आहे हे मी खोटं लिहिलं. युसूफचा हात माझ्यामुळे मोडला." सगळ्यांनी वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. अंगठा एकही आला नाही.

नंतर ते महाराजसाहेबांकडं गेले. मी स्थानकाच्या दारात उभी होते, खिडकी उघडी होती. सुगनबाई आधी जाऊन सगळं सांगून आल्या होत्या, म्हणून महाराजसाहेबच म्हणाले, "जीव वाचवण्यासाठी शीव ओलांडलीत, त्याची चिंता करू नका."

मांगीभाऊ म्हणाले, "त्यासाठी नाही आलो. शिवेच्या आत बसून जे बोललो, त्याचं प्रायश्चित्त द्या."

महाराजसाहेबांनी त्यांना समोर बसवलं. मग म्हणाले, "ते ज्याचा हात मोडला त्याच्याकडं मागा."

युसूफभाईंकडं मागायचं कसं? मांगीभाऊ दुसऱ्याच दिवशी त्यांच्या दुकानात जाऊन बसले. दुकान शिवेच्या आतलंच, त्यामुळं नेमाचा प्रश्न नव्हता. युसूफभाईंनी 'या' म्हटलं नाही आणि 'जा'ही म्हटलं नाही. त्यांच्या पत्नी शहनाजभाभींनी एक स्टूल पुढं सरकवलं, तेही न बघता. काम तर थांबून चालत नव्हतं. कापायचं काम भाभी करायच्या, मशीन युसूफभाई डाव्या हातानं चालवायचे. पण सीट कव्हर चढवताना रेक्झीन दोन्ही बाजूंनी ताणून धरावं लागतं, त्याला आणखी एक दणकट हात लागतो. तो हात मांगीभाऊंनी दिला. रोज सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. तीन महिने. तोंडातून शब्द नाही. युसूफभाई मानेनं खूण करायचे, इकडं ओढा, तिकडं धरा. मांगीभाऊंच्या बोटांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. मी दुकानाबाहेर उन्हात उभी राहून बघत होते. मला वाटायचं, ओरडा, शिव्या द्या, काहीतरी बोला हो युसूफभाई. गप्प बसणं फार दमवतं, बघणाऱ्यालासुद्धा.

प्लास्टर निघालं. मनगट वळतं, पण अंगठा पुरता मिटत नाही. पूर्वी ज्या कव्हराला एक दिवस लागायचा, त्याला आता दोन लागतात. कार्तिकी पौर्णिमा झाली, नेम सुटला. ग्रुपवर पुन्हा सवाऱ्या सुरू झाल्या, पण मांगीभाऊ तिथं काही लिहीत नाहीत. एक दिवस शिलाई करता करता, मान वर न करता, युसूफभाई बोलले. "आता तर मोहपाणीचा रस्ता चालू झाला असेल."

मांगीभाऊ इतके दचकले, की त्यांच्या हातातलं रेक्झीन सुटलं. आनंदानं म्हणाले, "चालू झाला म्हणतात."

युसूफभाईंनी मशीन थांबवलं. "कोण म्हणतं?"

मांगीभाऊंनी खाली वाकून सुटलेलं रेक्झीन उचललं. युसूफभाईंनी पुन्हा मशीन सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघंच गेलो. रस्ता कोरडा होता, कापसाच्या वेचण्या चालल्या होत्या. घाई नव्हती, म्हणून मीही माझ्या चालीनं चालले. नाल्याशी मांगीभाऊंनी मला सावलीत लावलं, चपला काढल्या, पँट वर दुमडली आणि काठी टेकत फरशीवर उतरले. मध्ये जाऊन थांबले. काठी बुडवून पाहिली, डाव्या बाजूला पाहिली, उजव्या बाजूला पाहिली. परत आले तेव्हा पँट मांडीपर्यंत ओली झाली होती. समोर धबधबा बारीक धारेनं पडत होता, ऊन त्याच्यावर आलं होतं, फोटोला याहून चांगली वेळ नसते. मांगीभाऊंनी मोबाइल खिशातून काढला नाही.

दुपारी आम्ही दुकानाशी आलो. मांगीभाऊ ओल्या पँटनंच आत गेले.

"युसूफ, मी स्वतः चालून आलो. मधला भाग अजून तुटलेलाच आहे. पाणी गुडघ्याच्या वर. गाडी जाणार नाही."

युसूफभाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा नीट पाहिलं. शहनाजभाभींची कात्रीही थांबली होती.

"मग माघात बघू," युसूफभाई म्हणाले. "ते टोक धरा."

त्यांनी फोटो दाखवा म्हटलं नाही.

मित्रांनो, माझं सांगायचं संपत आलं. पुढच्या वर्षी माझे कागद संपतील, आणि कुणीतरी मला मोडीत घालेल. त्याचं मला दुःख नाही, मला विसावा हवाच आहे. तुमच्या दारात माझ्यासारखी एखादी म्हातारी असेल, तिच्या साखळीला अधूनमधून तेल द्या, तिला उन्हातून सावलीत घ्या. आणि तिचा फोटो कुणाला पाठवलात, तर तो कधीचा ते खाली लिहा. आम्हाला तोंड नाही. फोटोत आम्ही नुसत्या उभ्या असतो. आम्ही तिथं कधी होतो, ते तुम्ही सांगाल तेच लोक खरं मानतात, आणि त्यावर भरवसा ठेवून कुणीतरी पाण्यात गाडी घालतं.